डेड स्टॉकमधली हत्यारं

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येतं. पंच्याऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलाविषयी ते कुणी उच्चारत नाही. पंचेचाळीस टक्क्यांवर अडकलेल्याविषयी मात्र मामा, काका, शेजारचे निवृत्त साहेब असे सगळे एकमताने म्हणतात, ‘आयटीआयला घाला. हातात काहीतरी कला असली म्हणजे उपाशी मरणार नाही.’ वाक्य मायेचंच असतं. पण त्या मुलाच्या कानावर ते शिक्षेसारखं पडतं. कारण हेच काका त्यांच्या स्वतःच्या मुलाला गणितात अठ्ठ्याण्णव मिळाले तेव्हा हातातल्या कलेचा विषय काढत नाहीत, हे त्याला ठाऊक असतं.

शाळेतल्या व्यवसाय शिक्षणाची रड इथूनच सुरू होते. ते चांगलं आहे असं सगळे म्हणतात, पण चांगलं आहे ते दुसऱ्याच्या मुलासाठी.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. कादंबऱ्या रात्री लिहिल्या, दिवसा कर्जाचे अर्ज वाचले. दोन्हींत कल्पनाशक्तीचं प्रमाण जवळपास सारखंच असतं असा माझा अनुभव आहे. २ ऑक्टोबर १९९३ रोजी पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. सुशिक्षित बेकार तरुणांना तेव्हा धंद्यासाठी एक लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्ज मिळे, वर पंधरा टक्के पण जास्तीत जास्त साडेसात हजार रुपये अनुदान. जिल्हा उद्योग केंद्रात मुलाखती होत आणि बँकेतर्फे मी तिथे बसत असे. बाहेर व्हरांड्यात पोरांची रांग. प्रत्येकाच्या हातात फाइल, फाइलमध्ये प्रकल्प अहवाल. बहुतेक अहवाल तालुक्यातल्या एकाच टंकलेखकाने बडवलेले असत, त्यामुळे पिठाच्या गिरणीला आणि वेल्डिंगच्या दुकानाला तिसऱ्या वर्षी होणारा नफा अगदी रुपयापर्यंत सारखा येई!

वेल्डिंगवाल्यांना मी एकच प्रश्न विचारत असे. ‘चार फूट बाय तीन फुटांच्या खिडकीला ग्रिल बसवायचं आहे. मला किती पैसे सांगाल?’ प्रश्न फार अवघड नाही, पण त्यात सगळा धंदा आहे. लोखंड किलोवर विकत घ्यायचं असतं, ग्रिलचा दर गिऱ्हाइकाला बहुधा फुटावर सांगायचा असतो. मध्ये कापताना तुकडे वाया जातात, रॉड जळतात, विजेचं बिल येतं, रंगाचा हात द्यावा लागतो आणि गिऱ्हाईक शेवटचे दोनशे रुपये दिवाळीनंतर देतो. शाळा-कॉलेजातून दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम करून आलेला एक मुलगा या प्रश्नापुढे गप्प बसला. प्रमाणपत्र उत्तम होतं त्याचं. त्याच्या पाठोपाठ आलेला दहावी नापास. चार वर्षं कुणाच्या तरी गॅरेजला होता. त्याने छताकडे बघत ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि आकडा सांगितला. मग मलाच उलट विचारलं, ‘बाई, डिझाइन साधी की नक्षीची?’

कर्ज कुणाला मिळालं हे सांगायला नको. पण माझ्या मनात राहिला तो पहिला मुलगा. तो आळशी नव्हता, मठ्ठ तर मुळीच नव्हता. मी त्याला विचारलं, की दोन वर्षांत काय काय तयार केलंस? तो म्हणाला, ‘जॉब केले.’ म्हणजे लोखंडाचा तुकडा शिकंज्यात धरून कानशीने घासायचा, काटकोनात आणायचा, सरांना दाखवायचा, सरांनी गुण द्यायचे आणि तुकडा भंगारात टाकायचा. दोन वर्षं! त्याने बनवलेली एकही वस्तू जगात कुणी वापरली नव्हती. वाकडी झाली म्हणून कुणी परत आणली नव्हती, छान झाली म्हणून कुणी दुसरी मागितली नव्हती.

याच सुमारास एका गावच्या शाळेत काही कामानिमित्त जाणं झालं. वर्गखोल्यांच्या टोकाला पत्र्याची शेड होती, दाराला मोठं कुलूप. मुख्याध्यापकांनी कौतुकाने ते उघडून दाखवलं. आत कपाटात रंधे, करवती, पाने, एक ड्रिल यंत्र, सगळं ग्रीज लावून कागदात गुंडाळलेलं. अनुदानातून आलं होतं. ‘मुलं वापरतात का?’ असं विचारल्यावर ते जरा ओशाळले. म्हणाले, ‘बाई, हे सगळं डेड स्टॉक रजिस्टरला चढवलेलं आहे. एखादा पाना हरवला तर हिशेब मला द्यावा लागतो. वापरलं नाही तर कुणी विचारत नाही.’

डेड स्टॉक! नोंदवहीचं नाव ठेवणाऱ्याला भविष्य दिसलं असावं. मुख्याध्यापकांना हसण्यात मात्र अर्थ नाही. त्यांचं गणित बरोबर होतं. शिवाय मला त्या शेडमध्ये माझ्या ओळखीचा एक जुना रोग दिसला. लहान कारखाने बुडाले की लोक म्हणतात, मालकाला अक्कल नव्हती. पुष्कळदा तसं नसतं. यंत्राला कर्ज मिळालेलं असतं, पण कच्चा माल, मजुरी, वीज यांसाठी लागणाऱ्या खेळत्या भांडवलाचा विचार कुणी केलेला नसतो. यंत्र चकाकत उभं राहतं आणि कारखाना मरतो. त्या शाळेला ड्रिल मिळालं होतं. पात्याला, रॉडला, लाकडाच्या फळीला दरसाल लागणारे पैसे कोणत्याच खात्यात नव्हते.

आपल्याकडे या विषयावर विचार झाला नाही असं मात्र कुणी म्हणू नये. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान हवं असं सांगितलं होतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि ‘नयी तालीम’ जन्माला आली. हस्तोद्योग हा एक जादा तास न राहता भाषा, गणित, विज्ञान हे सारं त्याच्याभोवती शिकवावं, अशी ती कल्पना. मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकांचा पगार निघावा ही त्यातली अपेक्षा मला कधीच पटली नाही. मुलांच्या घामावर पगार चालवायचा म्हटलं की शाळेचा कारखाना व्हायला वेळ लागत नाही. पण मालाला गिऱ्हाईक हवं हा गांधीजींचा आग्रह मात्र बँकवालीला समजतो.

पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव दिलं. त्याचं काय झालं ते या पानाचे निम्मे वाचक स्वतः सांगू शकतील. कागदी फुलं, मेणबत्त्या, खडू आणि आदल्या रात्री आईने बसून करून दिलेलं लोकरीचं तोरण. माझ्या माहितीत एक तोरण असं होतं की ते तीन भावंडांनी ओळीने तीन वर्षं तपासायला दिलं आणि दर वर्षी त्याचा एक गुण वाढला.

या इतिहासात एक पान आहे, त्याच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. मुलांनी दिवसातले काही तास शाळेत बसावं आणि उरलेल्या वेळात आईवडिलांचा धंदा शिकावा. वरवर पाहता शहाणपणाची वाटावी अशी ही गोष्ट. पण कुंभाराच्या मुलाने चाकावर आणि चांभाराच्या मुलाने आरीवर बसायचं, आणि वकिलाच्या मुलाने काय करायचं? पेरियार आणि द्रविड चळवळीने ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव देऊन योजनेला झोडपलं. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावं लागलं आणि कामराजांनी आल्यावर योजना गुंडाळली. ‘हाताचं काम शिकवा’ असं कुणी म्हटलं की आजही काही पालकांच्या कपाळाला आठी पडते, ती उगाच नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातांना कामाशिवाय दुसरं काही मिळालं नाही, त्यांना मुलाच्या हातात पुस्तकच हवं असतं. त्यांना दोष कुठल्या तोंडाने द्यायचा?

या पेचातून वाट निघू शकते, हे मला पाबळमध्ये दिसलं. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं हे गाव. इतिहासप्रेमींना मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असतं. पाऊस बेताचा, जमीन बेताची. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर. ती नोकरी सोडून ते सपत्नीक या गावात राहायला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी इथे विज्ञान आश्रम सुरू केला. सुरुवातीला त्यांच्याकडे आलेली मुलं म्हणजे शाळेने ओवाळून टाकलेली. कलबागांचं म्हणणं होतं की माणूस कामातून शिकतो, आणि जे मूल वर्गात शिकत नाही ते शिकूच शकत नाही असं ठरवण्याचा अधिकार शाळेला कुणी दिला? ३० जुलै २००३ रोजी ते गेले. आश्रम चालू आहे.

पण या लेखापुरता माझा रस आश्रमापेक्षा त्यांनी शाळेत नेलेल्या अभ्यासक्रमात आहे. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’, लोकांच्या तोंडी आयबीटी. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस. चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मूल एका धंद्याला बांधलं जात नाही, चारही विभागांतून फिरतं. मुली वेल्डिंगचा पडदा डोळ्यांसमोर धरतात आणि मुलगे पदार्थ करायला शिकतात, रक्तगट तपासायला शिकतात. वायरिंग, नळकाम, माती तपासणं, कोंबड्या पाळणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे सुताराच्या मुलाला सुतारकी आणि माळ्याच्या मुलाला शेती असा मामला नाही. वर्गातल्या प्रत्येकाला सगळं. राजाजींची योजना जिथे अडली तो खड्डा कलबागांनी असा बुजवला.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. मुलं खरी कामं करतात. गावात कुणाला फाटक हवं असतं, शाळेला बाकं हवी असतात, कुणाच्या घरी दिव्यांची जोडणी करायची असते. सामानाचे पैसे येतात, वर मजुरी. शिकवायला गावातलाच कारागीर, किंवा आश्रमातून शिकून बाहेर पडलेला तरुण. आणि प्रत्येक कामाचा आराखडा काढायचा, सामानाची यादी करायची, खर्च मांडायचा. ‘चार बाय तीनचं ग्रिल’ हा माझा प्रश्न तिथे नववीतल्या मुलीच्या वहीत सोडवलेला होता! तिने बिजागरीचे पैसे धरायचे विसरले होते आणि सरांनी लाल शाईने खाली लिहिलं होतं, ‘हे कोण देणार?’ त्या तीन शब्दांत जेवढं अर्थशास्त्र आहे तेवढं आमच्या प्रशिक्षण महाविद्यालयात दोन आठवड्यांत शिकवत नसत.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते. अमेरिकेतल्या एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची ‘फॅब लॅब’ ही प्रयोगशाळा स्वतःच्या आवाराबाहेर उभारायला सुरुवात केली, तेव्हा अगदी पहिल्या ठिकाणांत २००२ साली पाबळ होतं. हातकामाचं शिक्षण म्हणजे मागे जाणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी शिरूरची एसटी पकडावी.

पाबळचा हा प्रयोग पुढे महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्याही अनेक शाळांत गेला. तरी एकंदर शाळांच्या मानाने तो अजून चमचाभरच आहे. सरकारी आकड्यांची गोष्ट वेगळी. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ठरवलं होतं, की उच्च माध्यमिक टप्प्यावरची दहा टक्के मुलं १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळतील. १९९२ मध्ये धोरणात सुधारणा झाली तेव्हा तेच आकडे १९९५ आणि २००० या सालांपुढे लिहिले गेले. बँकेत आम्ही याला हप्त्यांची फेरआखणी म्हणत असू. २०१३ च्या अखेरीस राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि नववीपासून मोटारदुरुस्ती, आरोग्यसेवा, पर्यटन, किरकोळ विक्री असे विषय शाळांत दिसू लागले. मग २०२० चं धोरण. त्यात म्हटलं आहे की आपल्याकडे १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी, तर जर्मनीत पंचाहत्तर आणि दक्षिण कोरियात शहाण्णव टक्के. किमान निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत या शिक्षणाची ओळख व्हावी असं उद्दिष्ट त्यात होतं, आणि सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली पाठवावं अशी सूचना.

जर्मनीचं नाव घेतलं की आपण टक्केवारीपाशी थांबतो. तिथे शिकाऊ मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि उरलेले दिवस कारखान्यात किंवा कारागिराकडे असतो. त्याला करारानुसार विद्यावेतन मिळतं, आणि परीक्षा व्यापार-उद्योगांचे किंवा कारागिरांचे मंडळ घेतं. शिकवणाऱ्याला त्या मुलाची गरज असते, कारण उद्या तोच त्याच्याकडे कामाला राहणार. आपल्या शाळेतल्या व्यवसाय विषयाची गरज नेमकी कुणाला आहे? बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षकसुद्धा खासगी संस्थेमार्फत कंत्राटावर घेतलेला. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो गावातून कामं कशी मिळवणार?

म्हणून सुधारणा करायचीच असेल तर मी नव्या अभ्यासक्रमाच्या आधी तीन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी मागेन. शाळेच्या कार्यशाळेचं वेगळं बँक खातं असू द्या, मुख्याध्यापक आणि प्रशिक्षक दोघांच्या सहीचं. कामाचे पैसे त्यात जमा व्हावेत आणि सामान त्यातून यावं. पहिल्या वर्षासाठी खेळतं भांडवल अनुदान म्हणून मिळावं, यंत्र एक कमी मिळालं तरी चालेल. हत्यार वापरून झिजलं तर ते नोंदवहीतून वजा करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना असावा, म्हणजे कपाटाचं कुलूप निघेल. आणि गावातल्या मिस्त्रीला पदवी नाही म्हणून शाळेच्या दारात अडवू नका. त्याला मुलांपुढे उभं राहायला शिकवणं हे पदवीधराला टॉर्च धरायला शिकवण्यापेक्षा सोपं आहे. लेखापरीक्षकांचं काय, असं कुणी विचारेल. मी जन्मभर लेखापरीक्षकांना तोंड दिलं आहे. आलेला पैसा आणि गेलेला पैसा कागदावर दिसला की ते सहसा चहा पिऊन जातात.

चौथी गोष्ट सरकारच्या हातात नाही, ती या पानाच्या वाचकांच्या हातात आहे. पूर्वी काही शाळांत आठवीपासून ‘टेक्निकल’ असे, तेव्हा चांगली चांगली मुलं त्यासाठी रांग लावत. कारण पुढे पॉलिटेक्निकच्या प्रवेशात त्यांच्यासाठी काही जागा असत. दार पुढे उघडतं म्हटल्यावर कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, पुढे बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं आणि त्यातून लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मुलाने प्रत्यक्षात सायकलचं दुकान काढतो म्हटलं की मात्र घरात दोन दिवस जेवण शिजत नाही.

माझी नात सातवीत आहे, शहरातल्या शाळेत. मागच्या महिन्यात त्यांचे दप्तराविना दिवस झाले. वर्गातल्या इतर मुलांना एका दुकानाची सहल घडली. हिला आणि तिच्या मैत्रिणीला मात्र वर्गशिक्षिकांनी आमच्या सोसायटीत नेहमी येणाऱ्या प्लंबरकाकांबरोबर दोन दिवस फिरू दिलं. पहिल्या दिवशी घरी आली ती गुडघ्यांपर्यंत भिजून. दुसऱ्या दिवशी जेवताना विचारू लागली, ‘आजी, नळाचा वायसर पाच रुपयांचा असतो. काकांनी दीडशे घेतले. हे फसवणं नाही का?’ तिच्या वडिलांनी सेवाक्षेत्रावर छोटंसं भाषण द्यायला सुरुवात केली, ते मी थांबवलं. म्हटलं, काकांनाच विचार. ते म्हणाले असतील तसं तिने दुसऱ्या दिवशी वहीत उतरवून आणलं : येण्याजाण्याचं पेट्रोल, जुना नट गंजलेला असेल तर तोडायला लागणारा वेळ, पाणी पुन्हा गळलं तर फुकट करावी लागणारी फेरी, आणि कामच नसतं ते पावसाळ्यातले दिवस. शेवटच्या ओळीपुढे आकडा नव्हता. तो कसा धरायचा हे काकांनाही सांगता आलं नव्हतं. रविवारी ते टाकीचा बॉलकॉक बदलायला येणार आहेत, तेव्हा दोघं मिळून तो हिशेब करणार आहेत.